'वयात येणे' म्हणजे नेमके कधी?

रफारखाली: सहावीच्या मुलींसाठीचं आरोग्यपत्रक मराठीत आणते आहे. वाक्य असं केलं: "मुलगी वयात येऊ लागली की साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी सुरू होते." तपासणाऱ्या बाईंचा शेरा: वयात येणे म्हणजेच पाळी येणे, वाक्य निरर्थक. बरोबर कोण?

ओटीवरचा: बोलीत तरी बाईच. न्हाण आलं, पदर आला, शहाणी झाली, हे सगळे शब्द एका दिवसाकडे बोट दाखवतात. शरीराला असा एक दिवस नसतो. 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान कधीतरी स्तनाग्राखाली बटणाएवढी दुखरी गाठ लागते, पुष्कळदा आधी एकाच बाजूला. घरचे हबकतात, पण सुरुवात हीच. मग केस, मग उंचीची झेप, आणि पाळी बरीच शेवटी. पाळीनंतर उंची फार तर पाच-सात सेंटीमीटर वाढते. त्यामुळे "पाळी आली, आता उंच होईल" हे उलटं गणित आहे.

शुद्धमती: म्हणूनच 'पौगंडावस्था' लिहावं. नेमका शब्द असताना बोलीकडे कशाला धावायचं?

आडकित्ता: नेमका? भागवताच्या टीकाकारांच्या हिशेबात पाचपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर. म्हणजे तुमचा शुद्ध शब्द दुधाचे दात पडणाऱ्या पोराचा. शुद्धच हवं तर 'कैशोर' म्हणा.

शुद्धमती: अर्थ सरकतात. पाठ्यपुस्तकांनी रुजवलेला शब्द उपटून काय मिळणार?

आडकित्ता: मग 'वयात येणे'चाही सरकू द्या की! सवलत फक्त संस्कृतालाच का?

गूळपोळी: मुलग्यांचं काय? मिसरूड फुटणं, कंठ फुटणं, दोन्ही खुणा उशिराच्या. पहिली खूण म्हणजे वृषणांची वाढ. डॉक्टर 1 ते 25 मिलिलिटरच्या बारा मण्यांची माळ हातात धरून ताडून पाहतात. 4 चा मणी जुळला की सुरुवात झाली. याला बोलीत शब्दच नाही, कारण कोणाला दिसत नाही. आणि कंठ काही 'फुटत' नाही. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब नि जाड होतात, स्नायूंना नव्या मापाची सवय होईतो आवाज मध्येच किनरा होतो.

ओटीवरचा: त्याहून वाईट शब्द 'स्वप्नदोष'. झोपेत वीर्य बाहेर येण्यात दोष कसला? या एका 'दोषा'वर भोंदू वैद्यांची दुकानं चालतात. पत्रकात सरळ "झोपेत वीर्य बाहेर येणे" लिहा. मुलग्यांनाही काही काळ छातीत गाठ येते, बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते, तेही घाला.

रफारखाली: पत्रक मुलींचं आहे हो.

गूळपोळी: मग पाळीच्या ओळीत 'अनियमित' एवढंच लिहून थांबू नका. पहिली एक-दोन वर्षं दर महिन्याला बीज सुटत नाही, म्हणून 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. पण दर तासाला पॅड भिजत असेल किंवा तीन महिने पाळीच नसेल, तर डॉक्टर.

आडकित्ता: आणि मनाच्या भागाला 'भावनिक आंदोलने' नको, मोर्चा निघाल्यासारखं वाटतं. 'अडनिडं वय' हा केवढा सुंदर शब्द! क्षणात रडू, क्षणात फणकारा. रात्री लवकर झोप न येणं हाही आळस नव्हे. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं.

शुद्धमती: 'अडनिडं' सरकारी पत्रकात?

रफारखाली: सरकारी कोण म्हणालं? माझं वाक्य राहिलंच. "छाती वाढू लागली की दोन-अडीच वर्षांनी पाळी येते" चालेल?

ओटीवरचा: 'छाती' खोकल्याच्या औषधाला ठीक. 'स्तन' लिहा, लाजायचं काय त्यात?

गूळपोळी: वर्गात मोठ्याने वाचणाऱ्या ताईंना विचारा एकदा.

शुद्धमती: मसुद्यात 'तारुण्यपिटिका' ऱ्हस्व दिसतंय. 'पी' दीर्घ.

आडकित्ता: मूळ 'पिडका', ऱ्हस्वच. आणि 'मुरूम' म्हटलं तर कोणाचं काय अडतं?

शुद्धमती: मुरूम रस्त्यावर टाकतात.