प्रश्न नुसत्या निश्चयाचा नाही
वर एका दादांनी लिहिलंय, "मनात आणलं तर दारू एका दिवसात सुटते." आमच्या बीडकडं हेच ऐकत कित्येक घरं मोडली, म्हणून लिहितेय. दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते अफूसारखं रसायन, सुटतं. ते पेशींवरच्या म्यू-ओपिऑइड रिसेप्टरवर (त्याची बसायची जागाच म्हणा) बसतं, डोपामिन, म्हणजे 'अजून हवं' वाटायला लावणारं रसायन, आवरून धरणाऱ्या पेशी गप्प होतात आणि डोपामिन वाढतं. पुढं पुढं तर नुसता गुत्ता दिसला, उसतोडीची उचल हातात पडली, तरी ते उसळतं. तलफ म्हणतात ती हीच. नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध हेच रिसेप्टर अडवतं, म्हणून तलफ कमी व्हायला मदत होते. अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. पण डॉक्टरांना विचारूनच घ्या, ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर नकोच. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका हो, झटके येऊन माणूस जातो.