ड्राव्हे सिंड्रोम : वयात येणाऱ्या मुलीचे चालणे बदलले आहे, प्रयोगशाळेत तपासून घ्यावे का?

रेवाची आई, पुणे

नमस्कार. माझी मुलगी साडेबारा वर्षांची आहे. सहाव्या महिन्यात लशीनंतर आलेल्या तापात तिला पहिली फिट आली आणि ती पाऊण तास थांबली नव्हती. पुढे चौथ्या वर्षी जनुकीय तपासणीत एससीएन१ए या जनुकात दोष आढळला आणि ड्राव्हे सिंड्रोम या फिट्सच्या जनुकीय आजाराचे निदान झाले. सध्या फिट्स पूर्वीच्या मानाने आटोक्यात आहेत, म्हणजे महिन्यातून दोन-तीन, त्याही बहुतेक झोपेत. मात्र गेल्या वर्षभरात तिचे चालणे डोळ्यांदेखत बदलले आहे, आणि त्याविषयीच येथे विचारायचे आहे.

ती आता गुडघे किंचित मुडपून, पावले बाहेर फाकवून चालते. जूनमध्ये शाळेसाठी घेतलेल्या बुटांची आतली कड दिवाळीपर्यंत पार झिजली होती, बाहेरची कड मात्र नव्यासारखी होती. घरात ती बिनधास्त फिरते. पण पूर्वी ज्या देवळापर्यंत ती माझे बोट धरून रोज संध्याकाळी यायची, तिथे जाताना आता अर्ध्या वाटेतल्या पारावर बसकण मारते आणि काही केल्या उठत नाही. घरातील वडीलधारी मंडळी याला आळस म्हणतात, तर शाळेतील बाईंना हा औषधांचा परिणाम वाटतो. आमच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी चालण्याचे विश्लेषण, म्हणजे गेट अ‍ॅनालिसिस, करून घेण्याचा विचार सुचवला आहे. साधे चिकट बँडेजही अंगावर न ठेवणाऱ्या मुलीवर अशी तपासणी होऊ शकेल का, आणि तिच्यातून उपचाराच्या दृष्टीने काही हाती लागते का, हे जाणकारांनी व अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.

जुना सभासद, नाशिक

ताई, माझा मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे. आपण लिहिलेले वाचताना त्याचीच दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट वाचतो आहे असे वाटले. चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याची उंची झपाट्याने वाढली आणि त्याच काळात गुडघ्यांतला वाक वाढत गेला. आज तो घरात स्वतःच्या पायांनी चालतो, अंगणात कुणाचा तरी हात लागतो आणि बाजारात किंवा स्टेशनवर आम्ही चाकांची खुर्ची वापरतो. ही खुर्ची घ्यायला आम्ही दोन वर्षे उगीच टाळाटाळ केली. खुर्ची आली की चालणे सुटेल अशी भीती होती; प्रत्यक्षात मुक्कामी पोहोचल्यावर चालण्यासाठी त्याच्या पायांत बळ शिल्लक राहू लागले.

मला खंत आहे ती एवढीच, की त्याचे चालणे चांगले होते त्या काळाची कोणतीही नोंद आमच्याकडे नव्हती. डॉक्टरांनी विचारले, "हे केव्हापासून?", तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. शेवटी पुतण्याच्या मुंजीच्या चित्रफितीत तो दहा वर्षांचा असताना मांडवातून पळत जाताना सापडला, आणि गुडघे त्या वेळी सरळ होते हे त्या चार-पाच सेकंदांवरून ठरले. आपण आजच मोजमाप करून ठेवाल तर पुढे अशी शोधाशोध करावी लागणार नाही.

पाऊलखूण

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली काही वर्षे मुलांच्या चालण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रेवाच्या आईंचा प्रश्न नेमका असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे हा आळस नाही. शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ मध्ये या आजाराचे वर्णन केले तेव्हापासून लक्ष फिट्सवर राहिले, आणि ते स्वाभाविकच होते, कारण जीव फिट्समुळे धोक्यात येतो. २००१ मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथील संशोधकांनी सात रुग्णांत एससीएन१ए जनुकातील दोष दाखवून दिला. हे जनुक मज्जापेशींतील सोडियमची जी वाहिनी घडवते, ती मुख्यतः इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींत काम करते. वाहिनी अपुरी पडली की आवर सुटतो आणि फिट येते. मात्र हीच वाहिनी लहान मेंदूतील पुरकिंजे पेशींतही असते, आणि तोल व हालचालींचा मेळ ज्या यंत्रणेवर अवलंबून असतो तिच्यात या पेशी मोक्याच्या जागी आहेत. उंदरांवरील प्रयोगांत ही वाहिनी निकामी केल्यावर त्यांना फिट्स तर आल्याच, शिवाय त्यांची चालही अडखळती झाली. म्हणून चालण्यातील अडचण हा केवळ फिट्सचा किंवा औषधांचा मागे उरलेला परिणाम नसून काही अंशी मूळ आजाराचाच भाग आहे, असे आज मानले जाते.

वयाचा धागाही महत्त्वाचा आहे. मेलबर्नमधील संशोधकांनी २०१२ मध्ये २६ रुग्णांच्या चालण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अगदी लहान मुलांत गुडघे मुडपून चालणे दिसले नाही, शाळकरी वयात ते काहींत दिसू लागले, आणि तेरा वर्षांपुढील रुग्णांत ते जवळजवळ नेहमीचे होते. सेरेब्रल पाल्सीमध्येही, म्हणजे बालवयातच मेंदूला इजा झाल्याने हालचाली बिघडतात त्या विकारातही, मुले गुडघे मुडपून चालतात. परंतु तिथे बहुधा स्नायूंचा ताठरपणा असतो, तर इथे तो ठळक नसतो. मांडीचे हाड आतल्या बाजूला पिळलेले, नडगी बाहेरच्या बाजूला वळलेली आणि पाऊल आत कलून सपाट झालेले, असा हाडांच्या रचनेचा बिघाड इथे आढळतो. पाऊल ही शरीराला पुढे रेटणारी तरफ आहे. ती वाकडी आणि लेचीपेची झाली की पोटरीचा जोर वाया जातो, गुडघा सरळ राहत नाही आणि मांडीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. बुटाची आतली कड झिजणे आणि अर्ध्या वाटेत बसकण मारणे या दोन गोष्टी मला यामुळे एकाच साखळीतल्या वाटतात, अर्थात मुलीला प्रत्यक्ष न पाहता याहून ठामपणे बोलणे योग्य होणार नाही. अँटवर्पच्या गटाने नंतर केलेल्या कामातून हेही दिसते की सगळ्यांची चाल एका साच्यातली नसते; कुणी पाय फाकवून डुलत चालतो, तर कुणाची टाच आधी न टेकता सबंध पाऊल एकदम टेकते.

आता तपासणीविषयी. मूल अनवाणी, साधारण दहा मीटरच्या पट्ट्यावर अनेक वेळा चालते; कंबर, गुडघे, घोटे अशा ठरावीक जागी प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे चिकटवलेले असतात, सभोवतालचे कॅमेरे त्यांची जागा टिपतात आणि जमिनीतील पट्ट्या पावलाचा दाब मोजतात. यात दुखणारे काहीच नाही, मात्र चिकाटी लागते. चिकटवणे सोसत नसेल तर तपासणीआधी दोन-तीन आठवडे घरी तशाच गोल टिकल्यांचा खेळ करावा. आधी बाहुलीला, मग आईला आणि सर्वांत शेवटी मुलीला लावावी. माझ्या अनुभवात पहिल्याच दिवशी सगळे जमणारी मुले थोडी असतात, म्हणून दोन भेटी गृहीत धराव्यात. फिट येऊन गेल्यावर किंवा रात्रीची झोप मोडली असताना तपासणी करू नये, कारण त्या दिवशीची चाल तिची नेहमीची नसते. या मुलांची दोन पावलेही एकसारखी पडत नाहीत. त्यामुळे अहवालातील सरासरीबरोबर पावलांमधला चढउतार किती आहे, हेही आवर्जून विचारावे.

सभासद, कोल्हापूर

मला वाटते आपण औषधांना फार लवकर निर्दोष ठरवत आहात. आमच्या भाचीला निदान होण्यापूर्वी बराच काळ फेनिटॉइन हे फिट्सचे औषध दिले गेले होते आणि तिचा तोल तेव्हापासूनच बिघडला. तिचे ड जीवनसत्त्वही फारच कमी निघाले होते. हाडे कमजोर असतील तर चाल बदलणारच.

पाऊलखूण

आपले म्हणणे रास्त आहे आणि मी ते लिहायला हवे होते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन ही सोडियम वाहिनी रोखणारी औषधे ड्राव्हेमध्ये फिट्स वाढवू शकतात, म्हणून ती सहसा टाळतात. शिवाय रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण वाढले तर कुणाचाही तोल जातो. व्हॅल्प्रोएटने हात थरथरतात, तर काही औषधांनी सुस्ती येते. हाडांबाबतही आपण म्हणता तसेच आहे. फिट्सची काही औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास हाडांची घनता कमी होऊ शकते, म्हणून ड जीवनसत्त्वाची तपासणी करावीच. पण औषधाचा परिणाम बहुधा मात्रा बदलल्यानंतर दिसू लागतो आणि मात्रा कमी केल्यावर ओसरतो, तर हाडांचा पीळ उंचीबरोबर हळूहळू वाढतो. रेवाच्या आईंनी गेल्या वर्षभरातील औषधांचे बदल तारखांसह लिहून काढले तर हा फरक डॉक्टरांना चटकन कळेल. औषध मात्र कुणीही स्वतःहून बंद करू नये.

उपचाराचेही विचारले होते. पावलाची तरफ सुधारण्यासाठी बुटातील आधार किंवा घोट्यापर्यंतची स्प्लिंट हा पहिला टप्पा असतो, आणि ती हाडे अजून वाढत असताना दिली तर उपयोगाची शक्यता अधिक, असे माझे मत आहे. आपल्याकडे एक अडचण येते, ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही : एप्रिल-मेमध्ये प्लॅस्टिकच्या स्प्लिंटखाली पाय घामेजतो, आणि ड्राव्हेच्या मुलांना उष्णता सोसत नाही, त्यांना शरीर तापल्याने फिट येऊ शकते. तेव्हा ती सकाळच्या थंड वेळी शाळेत वापरावी आणि दुपारी काढून ठेवावी, असे मी सांगते. शस्त्रक्रियेचा विषय कुणी काढलाच, तर मांडीमागचे स्नायू सैल करण्यापूर्वी ते खरोखर आखूड आहेत का, हे मोजून दाखवा असा आग्रह धरावा.

जुना सभासद, नाशिक

एक पुरवणी. मुलगा वीस वर्षांचा झाल्यावर त्याची मान पुढे झुकू लागली आणि हालचाली मंदावल्या. काही प्रौढ रुग्णांत पार्किन्सनसारखी लक्षणे दिसतात आणि त्यांतील काहींना लेव्होडोपा या पार्किन्सनवरील औषधाने आराम पडतो, असे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्याचे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. आम्हाला त्या औषधाने थोडाच फरक पडला. ताईंना आज याची गरज नाही, पण पालक तोवर चाल पाहायचे थांबलेले असतात, म्हणून लिहून ठेवले.

रेवाची आई, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. पाऊलखूण ताई, एकच शंका : प्रयोगशाळेची वेळ मिळायला दोन महिने लागणार आहेत. तोपर्यंत घरी काय नोंदवावे?

पाऊलखूण

पाच, पन्नास आणि पाचशे मीटर अशी तीन अंतरे धरा, म्हणजे घर, शाळा आणि बाजार. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी २००४ मध्ये मांडलेली एक सोपी मोजपट्टी याच अंतरांवर आधारलेली आहे. प्रत्येक अंतरासाठी ती एकटी चालते, हात धरते, की खुर्ची लागते, एवढेच लिहायचे. त्याबरोबर महिन्यातून एकदा चित्रफीत काढावी : तिला गुडघ्यांच्या वर येणारी चड्डी घालावी, पाय अनवाणी असावेत, फोन तिच्या कमरेच्या उंचीवर स्थिर ठेवावा, आणि एकदा समोरून व एकदा बाजूने चित्रण करावे. झिजलेले बूटही टाकू नका, सोबत आणा.

रेवाची आई, पुणे

आज सकाळी जिन्यासमोरच्या मोकळ्या पट्ट्यात बाजूने चित्रण केले. शेजारच्या आजी पुढे लाडू घेऊन उभ्या राहिल्या, म्हणून ती आठ वेळा चालली. पहिल्या तीन फेऱ्यांत गुडघे बरेच सरळ होते आणि पाचवीपासून वाक स्पष्ट दिसू लागला. घरात मला हे कधीच दिसले नव्हते, कारण घरात ती सलग इतकी चालतच नाही. बूट पिशवीत भरून ठेवले आहेत.