मदत हवी आहे : स्वादुपिंडाच्या शेपटातील गाठ उपप्लीहा की ट्यूमर?

पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटाच्या टोकाशी १४ मिलिमीटरची, गोलसर आणि स्पष्ट कडांची गाठ योगायोगाने आढळली असून, ती उपप्लीहा (मुख्य प्लीहेव्यतिरिक्त असलेला प्लीहेच्या ऊतीचा निरुपद्रवी लहान गोळा) आहे की न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची गाठ), याबाबत माझा निर्णय होत नाही. प्लीहाद्वाराजवळच्या (रक्तवाहिन्या प्लीहेत शिरतात त्या जागेजवळच्या) चरबीत सुटी दिसणारी गाठ सहसा अडचणीची नसते. ही मात्र स्वादुपिंडाच्या ऊतीत रुतलेली आहे. पोर्टल व्हीनस फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट शिरांत पोचल्यानंतरच्या प्रतिमांत) तिची हाउन्सफील्ड मूल्ये (सीटीवरील घनतेची मोजमापे) प्लीहेशी जवळपास जुळतात, परंतु आर्टेरियल फेज (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाच्या सुरुवातीच्या प्रतिमा) घेतलेलाच नसल्यामुळे प्लीहेत त्या वेळी दिसणारे पट्टेदार, असमान एन्हान्समेंट (कॉन्ट्रास्टमुळे येणारा उजळपणा) गाठीतही आहे का, हे पाहता येत नाही. रुग्णाला लक्षणे नाहीत, पोटाला मार लागलेला किंवा शस्त्रक्रिया झालेली नाही आणि तुलनेसाठी जुना स्कॅनही नाही. एका सहकाऱ्याने गॅलियम-डोटाटेट पेट (सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर, म्हणजे त्या संप्रेरकाला धरणारे पेशींवरील ग्राहक, कुठे आहेत ते दाखवणारा स्कॅन) सुचवला. पण प्लीहेच्या ऊतीतही सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर असल्याने त्यातून गोंधळच वाढेल, असे मला वाटते. अशा वेळी आर्टेरियल फेजसह सीटी पुन्हा करावा की डिफ्यूजनसह (ऊतीतील पाण्याच्या हालचालीवर आधारित प्रतिमांसह) एमआरआय करावा, आणि उष्णतेने बाधित केलेल्या तांबड्या पेशींचा टेक्नेशियम स्पेक्ट स्कॅन (अशा पेशी प्लीहेची ऊती टिपून घेते, त्यावर आधारित) एवढ्या लहान गाठीत विश्वासार्ह ठरतो का?