गोशे आजार : दर पंधरवड्याला एन्झाइमचं सलाइन, अनुभव हवेत

बार्शीचा_बाबा : मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १३ किलो. पोट नगाऱ्यासारखं. वर्षभर जंताचं औषध पाजलं. प्लेटलेट ५८ हजारांवर आल्या तेव्हा एका सर्जननी प्लीहा काढू म्हटलं. नंतर एन्झाइमची रक्ततपासणी झाली आणि गोशे निघाला, म्हणजे एन्झाइम कमी असल्याने एक चरबी पचत नाही आणि प्लीहा, यकृतात साठते. सलाइन जन्मभर लागेल म्हणतात. एवढ्याशा पोराला कसं जमायचं? त्यापेक्षा प्लीहा काढलेली बरी का?

लेकीची_आई : दादा, प्लीहेची घाई करू नका. एन्झाइम मिळत नव्हतं तेव्हा काढायचे. ती गेली तरी न पचलेली चरबी साठायची थांबत नाही, मग हाडं आणि यकृत सोसतात. माझी लेक १२ किलोची असताना सुरू केलं, आता सहा वर्षं झाली. वर्षभरातच फ्रॉकची बटणं लागायला लागली!

हिशोब सांगते. आम्हाला किलोमागे ६० युनिट दिलेत. तुमच्याकडेही तेवढेच ठरले तर ७८०, म्हणजे ४०० च्या दोन कुप्या. २० किलोला तीन. पोर वाढतं तसा खर्च वाढतो, म्हणून दुर्मिळ आजारांच्या सरकारी धोरणातली ५० लाखांपर्यंतची मदत ऐकून हुश्श करू नका. पण अर्ज आजच करा, मुंबईत केईएममधून होतो.

शीर सापडणं हीच खरी लढाई. आदल्या रात्रीपासून भरपूर पाणी पाजा, थंडीत हात शेकून न्या. कुपी खदाखदा हलवायची नसते, फेस होतो. नवीन सिस्टर असल्या तर मी आधीच सांगते, त्यांना राग येतो, येऊ दे.

आणि एक, प्रकार कोणता ते विचारलंत का? तिसऱ्या प्रकारात मेंदूलाही त्रास असतो आणि हे औषध मेंदूत पोचत नाही. बाजूला बघताना पोरगा डोळे न फिरवता मान झटकतो का, तेवढं पाहा.

सूक्ष्मदर्शी : लॅबमध्ये असते म्हणून थोडी भर. १९९१ साली आलेलं पहिलं औषध माणसाच्या वारेतून काढायचे, १९९४ पासून हॅमस्टरच्या पेशींत बनवलेलं आलं. त्याच्या टोकाची साखर मुद्दाम छाटून मॅनोज उघडा ठेवतात, म्हणजे चरबीने फुगलेल्या भक्षक पेशी ते बरोबर उचलतात. आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी जनुकतपासणी करून घ्या. दर खेपेला बाळाला हा आजार असण्याची चारात एक शक्यता असते.

बार्शीचा_बाबा : ताई, प्रकार विचारायचं सुचलंच नव्हतं. आत्ता ओट्यावर बसवून गाडीची किल्ली दोन्हीकडे हलवली. डावीकडे डोळेच गेले. उजवीकडे दोनदा मान वळली, तिसऱ्यांदा नाही, कारण तोवर किल्ली हिसकावून पळाला. सोमवारी डॉक्टरांना हेच आधी दाखवतो. सर्जनची तारीख रद्द केली.