पन्नातली 200 रुपयांची हिऱ्याची खाण: परवाना आहे, मग चोरबाजार का?

चाकणकर
आमच्या साइटवर पन्नाकडचे (मध्य प्रदेश) दोघे गवंडी भाऊ आहेत. दिवाळीला गावी गेले की थेट होळीनंतर उगवतात. विचारलं तर "खदान लगाई है". सरकार 200 रुपयांत आठ बाय आठ मीटरची जागा खणायला देतं म्हणे, आणि हिरा लागला तर आपला. खरं आहे का हे? मग तिथले हिरे चोरून का विकले जातात?

बुंदेली पाहुणा
खरं आहे. नोकरीमुळे काही वर्षं पन्नात होतो, घरमालकच पट्टेवाले, म्हणजे खणायचा पट्टा (परवाना) घेतलेले. फी तेव्हा 200च होती. पट्टा हीरा कार्यालय देतं. जानेवारीत घ्या नाहीतर सप्टेंबरात, मुदत 31 डिसेंबरलाच संपणार.

'आपला' मात्र अर्धंच खरं. हिरा कार्यालयात जमा करायचा, सरकारी पारखी वजन आणि प्रत बघणार, पावती मिळणार. मग लिलाव. विकला गेला तर 11.5 टक्के रॉयल्टी आणि कर कापून उरलेले पैसे तुमचे.

गोची आहे ती इथेच. लिलाव काय रोज असतो? महिनोन्महिने थांबायचं, आणि बोली चढली नाही तर हिरा पुढच्या लिलावाला. तोवर मजुरी, पंपाचं भाडं, सावकाराचं व्याज अंगावर. आमचे घरमालक 'चाल' (हिरेवाली खडी) धुऊन उन्हात पसरायचे आणि घरची सगळी उकिडवी बसून तांदूळ निवडल्यासारखी बोटांनी चाळायची. संध्याकाळी हाताला बहुतेक काहीच लागलेलं नसे. अशा माणसाकडे रात्री कुणी रोकड घेऊन आला, तर निम्म्या भावातही तो देऊन टाकतो. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ठाण्याचा जवाहिऱ्या
श्रीलंकेत रत्नपुराच्या रत्नखाणी बघा. दगड सरकारजमा करावा लागत नाही, निर्यातीच्या वेळी रत्न प्राधिकरणाकडून तपासून घ्यायचा. जमीनमालक, परवानाधारक, पंपवाला, खणणारे यांचे वाटे ठरलेले. परवान्यासाठी खड्डा बुजवण्याची अनामत भरावी लागते. चोरी तिथेही होतेच म्हणा, पण खणणारा पावतीवर ताटकळत नाही. पन्नात अनामत का घेत नाहीत?

बुंदेली पाहुणा
घ्या की! पण मग 200 भरणारा गोंड मजूर बाहेर आणि ठेकेदार आत. खड्ड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, पावसाळ्यात ते तुडुंब भरतात, गुरं पडतात. मी म्हणेन, आधी पावतीवर तिथल्या तिथे थोडी उचल द्या. रात्रीच्या गिऱ्हाइकाची निम्मी कमाई तिथेच बुडेल. उरतं जंगल. हिरेवाली बरीच जमीन वनखात्याची, तिथे पट्टा नाही, म्हणून लोक चोरून खणतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चाकणकर, तुमचे भाऊ दुसऱ्याच्या शेतात खणत असतील तर मालकाचा वाटा किती, ते आधी स्टँप पेपरवर लिहून घ्यायला सांगा. हिरा लागल्यावर सगळ्यांनाच वेगळं आठवतं.