मदत हवी आहे : वैयक्तिक लिनक्स डिस्ट्रोची इमेज दोन यंत्रांवर बिट न् बिट सारखी येत नाही

नमस्कार,

डेबियन १२ या लिनक्स प्रणालीच्या पायावर मी स्वतःच्या वापरासाठी एक लहान डिस्ट्रो (लिनक्स आणि निवडक सॉफ्टवेअरची तयार जुळणी) बांधत आहे. तिच्यात निवडीला जागा मुद्दामच ठेवलेली नाही. एकच डेस्कटॉप, एकच एडिटर, फक्त वाचता येणारी मूळ फाइल सिस्टीम, बदलणारा सगळा डेटा वेगळ्या पार्टिशनवर, आणि चालू यंत्रावर हाताने पॅकेज टाकायला पूर्ण मनाई. जो बदल हवा तो गिट या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनात नोंदवायचा आणि इमेज (संपूर्ण प्रणालीची एकच तयार फाइल) पुन्हा बांधायची. एकाच कमिटवरून, म्हणजे गिटमधील एकाच नोंदीवरून, दोन वेगळ्या यंत्रांवर बांधलेल्या इमेजचे हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले ठसे) जुळले पाहिजेत, हा माझा आग्रह आहे, कारण ते जुळले तरच बांधणाऱ्या यंत्राने मध्ये काही घुसवलेले नाही हे मला स्वतः तपासता येते.

सध्या पॅकेजे डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहातील (जिथे जुनी पॅकेजे तारखेनुसार जपलेली असतात) एका ठरावीक तारखेवरून येतात, एमएमडेबस्ट्रॅप हे साधन त्यांतून मूळ डिरेक्टरी उभी करते, त्यानंतर माझ्या स्क्रिप्ट चालतात आणि शेवटी स्क्वॉशएफएस या दाबून लहान केलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइल सिस्टीमची इमेज तयार होते. सोर्स डेट ईपॉक हा बिल्डच्या साधनांना ठरावीक वेळ सांगणारा व्हेरिएबल सर्वत्र स्नॅपशॉटच्या तारखेला बांधलेला असल्यामुळे टाइमस्टॅम्पचे बहुतेक फरक नाहीसे झाले आहेत. उरलेले डिफोस्कोप या दोन फाइलींतील फरक शोधणाऱ्या साधनाने दाखवले. पासवर्डचे हॅश असलेल्या शॅडो फाइलमध्ये सॉल्ट (हॅश काढताना मिसळलेला यादृच्छिक मजकूर) दर वेळी नव्याने निर्माण होत होते, म्हणून आता तयार हॅशच लिहितो. सामायिक लायब्ररींची यादी करणाऱ्या एलडीकॉन्फिगच्या सहायक कॅशमध्ये आयनोड क्रमांक (डिस्कवरील फाइलींचे अंतर्गत क्रमांक) नोंदवले जातात, म्हणून ती फाइल शेवटी काढून टाकतो. मशीन-आयडी, म्हणजे प्रत्येक यंत्राची वेगळी ओळख असलेली फाइल, रिकामी ठेवतो.

खरी अडचण कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आहे. तो मी स्वतः कंपाइल करतो. बिल्डची वेळ, वापरकर्ता आणि होस्ट ही तिन्ही मूल्ये केबिल्ड या कर्नलच्या बिल्ड-यंत्रणेच्या व्हेरिएबलांनी पक्की केली आहेत. तरीही प्रत्येक मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा सुटा भाग) वेगळे निघते, कारण मॉड्यूलवर डिजिटल सही करण्याची किल्ली दर बिल्डला नव्याने तयार होते आणि तिचे प्रमाणपत्र कर्नलमध्येही जाते. कायमची किल्ली सोर्सबरोबर ठेवली तर इमेज जुळेल, पण मग सहीला अर्थ उरणार नाही. सही बंद करणे मला पटत नाही. कर्नलच्या दस्तऐवजांत तिसरा मार्ग सुचवला आहे: किल्ली एकदाच तयार करावी, सोर्समध्ये फक्त तिचे प्रमाणपत्र ठेवावे, सह्या वेगळ्या टप्प्यात कराव्यात आणि त्या सह्यांनाच पुढील बिल्डसाठी सोर्स मानावे. तत्त्व समजते, परंतु एका माणसाच्या प्रकल्पात हे प्रत्यक्षात कसे बसवावे, सुट्या सह्या गिटमध्ये ठेवाव्यात की वेगळ्या संग्रहात, आणि कर्नलची आवृत्ती बदलली की हा सगळा क्रम स्वयंचलित कसा ठेवावा, हे कोणी करून पाहिले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

दुसरा प्रश्न सुरक्षा अद्यतनांचा आहे. जुन्या स्नॅपशॉटच्या रिलीज फाइलची (संग्रहाच्या सही केलेल्या सूचीची) मुदत संपलेली असली की ॲप्ट हा डेबियनचा पॅकेज व्यवस्थापक ती नाकारतो, म्हणून मुदतीची तपासणी बंद करावी लागते. सही तपासली जातच असते, आणि तारीख मीच ठरवलेली असल्याने हे मला मान्य आहे. पण तारीख पुढे सरकवली की सुरक्षा दुरुस्त्यांबरोबर इतर पॅकेजांचे बदलही येतात. मुख्य संग्रह आणि सुरक्षा संग्रह यांना दोन स्वतंत्र तारखा देऊन कोणी दीर्घकाळ काम चालवले आहे का? पॅकेजांची एकमेकांवरील अवलंबित्वे अडकतात का?

निक्सओएस किंवा गिक्स या लिखित वर्णनावरूनच संपूर्ण प्रणाली बांधणाऱ्या डिस्ट्रोंकडे जाण्याचा सल्ला मिळेल याची कल्पना आहे, आणि निक्सचे (निक्सओएसच्या पॅकेज व्यवस्थापकाचे) जनक एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ च्या प्रबंधात मांडलेल्या कल्पनेबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र निक्समध्ये पॅकेजच्या मार्गातील हॅश सामान्यतः इनपुटवरून ठरतो, तयार झालेल्या फाइलींवरून नाही. त्यामुळे तीच कृती वापरली याची हमी मिळते, पण तेच बिट निघाले याची मिळत नाही, आणि मला हवे आहे ते दुसरे. तेव्हा स्थलांतराचा सल्ला देताना तिथे मॉड्यूलच्या सहीचा प्रश्न कसा सुटतो, हेही कृपया लिहावे.

डिफोस्कोपचा पूर्ण अहवाल आणि कर्नलची कॉन्फिग फाइल कोणाला पाहायची असल्यास येथेच देतो.