मदत हवी आहे : आईसह रतनगडावरील सोनकीचा बहर पाहण्यासाठी
नमस्कार. सप्टेंबरअखेरीस, पाऊस ओसरू लागला की रतनगडाचा माथा सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरून जातो. तो बहर आईला दाखवण्यासाठी मुंबईहून पहाटेच्या कसारा लोकलने निघून, पुढे गाडीने पायथ्याचे गाव रतनवाडी गाठून एका दिवसात परतण्याचा विचार आहे. आई ६१ वर्षांची असून तिला चालण्याची सवय आहे, मात्र गुडघ्यामुळे उतारावर ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढे सरते. त्यामुळे लोखंडी शिड्यांनी चढून, माथ्यावरून नेढ्यापर्यंत (कातळातील आरपार भोकापर्यंत) चालत जाऊन त्र्यंबक दरवाजाने उतरावे, की आल्या वाटेनेच परतावे? त्या दरवाजाखालच्या कातळपायऱ्या तेव्हा शेवाळलेल्या असतात का? फुले न तुडवता जाता येईल अशी मळलेली पायवाट माथ्यावर सलग आहे का, हेही कृपया कळवावे. छायाचित्रांसाठी सोनकीत बसून दाबलेले पट्टे अन्यत्र पाहिले आहेत, त्यात आमची भर पडू नये.